फोटोत नसलेलं मूल

एक काम सांगते. अवघड नाही. मोबाइलची गॅलरी उघडा आणि तुमच्या घरात तेरा ते सतरा वर्षांचं जे कोणी असेल, त्याचे फोटो मागे मागे जात बघा. सहावीपर्यंतचे ढीगभर सापडतील. गॅदरिंगचे, वाढदिवसाचे, गावच्या जत्रेतले, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बसवून काढलेले. सातवी-आठवीच्या सुमाराला ते विरळ होतात. असलेच तर कॅमेऱ्यापुढे पंजा धरलेला, तोंड भिंतीकडे, किंवा मामाच्या लग्नातल्या ग्रुपमध्ये मावशीच्या खांद्याआडून दिसणारा अर्धा डोळा. आणि त्यानंतर नाहीतच.

हे मी पहिल्यांदा करायला सांगितलं ते एका वडिलांना. चाकणला नोकरी, राहायला गणेशनगर, मूळ गाव कंधार तालुक्यातलं. मुलगी नववीत. तक्रार एवढीच होती, की पोरगी कुणाकडे येत नाही, जात नाही, पाहुणे आले की संडासात जाऊन बसते. "लई हट्टी झालीय मॅडम." त्यांनी माझ्यासमोरच फोन काढला आणि अंगठ्याने फोटो सरकवत राहिले. बराच वेळ. कंपनीचे फोटो आले, नव्या बाइकचे आले, धाकट्याचे तर शंभर आले. मग मान वर न करता म्हणाले, "दोन वर्षांत एकबी नाही की."

मी शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाले तरी भाजी घेताना, रिक्षाच्या रांगेत, १६ नंबरच्या स्टॉपवर "मॅडम, जरा बोलायचं होतं" अशी हाक येतेच. मी डॉक्टर नाही. मुलं वर्गात कुठे बसतात आणि कुठे बसायची बंद होतात, तेवढं मात्र मला पाहून पाहून कळतं.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावात आले तेव्हा पत्ता सांगताना लोक पदमजी पेपर मिलची खूण सांगायचे आणि डांगे चौकातून वाकडकडे निघालं की दोन्ही बाजूंना शेतं लागायची. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये सव्वासतरा लाखांच्या पुढे गेली. ही वाढ नुसती पाळण्यातून झालेली नाही, एसटीतून आणि रेल्वेतून झालेली आहे. माझ्या शेवटच्या वर्गात घरी कोणती भाषा बोलता असं विचारलं, तर मराठीखेरीज हिंदी, भोजपुरी, कन्नड, तेलुगू, ओडिया, मल्याळम, गोरमाटी एवढी उत्तरं आली. मराठी म्हणणाऱ्यांतही एक घरी अहिराणी बोलणारा आणि एक "करून राहिलो"वाला, ज्याला तेवढ्यावरून वर्षभर हसले. आपण बहुसांस्कृतिक वगैरे शब्द परदेशातल्या मुलांसाठी राखून ठेवतो. आपल्या जिन्यात, सामायिक नळावर, शाळेच्या व्हॅनमध्ये तेच आहे.

आणि गाव सोडून आलेल्या घरांतल्या मुलांना एक गोष्ट सोसावी लागते, जी तुम्हा-आम्हाला त्या वयात सोसावी लागली नव्हती. त्यांच्या अंगाकडे दोन वेगवेगळ्या गावांच्या नजरा लागलेल्या असतात आणि त्यांचं आपसात पटत नाही.

कंधारच्या त्या मुलीचंच घ्या. दिवाळीला गावी गेली. आजीने दंडाला हात लावून अंगणभर ऐकू जाईल असं म्हटलं, "आता कुठं अंग धरलंय बघा पोरीनं!" आजी खूश होती. तिने ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली. अंगावर मांस दिसणं म्हणजे घरात धान्य असणं, हा तिचा हिशोब, आणि तो खोटा नाही. पण पोरगी परत आली ती हे वाक्य दंडावर गोंदल्यासारखं घेऊन. कारण थेरगावात त्याच दंडाला वर्गातल्या मुली "सुटलीस" म्हणत होत्या. एकाच अंगाचे दोन निकाल. एका गावात पास, दुसऱ्यात नापास. चौदाव्या वर्षी माणूस कोणता निकाल खरा धरतं, ते तुम्हाला सांगायला नको.

न्यू जर्सीहून परतलेल्या आणि वाकडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या एका मुलाचंही हेच, फक्त कारण वेगळं. तिकडे रंग उठून दिसायचा, इकडे उच्चार. तो शाळेत बोलायचाच बंद झाला. घरच्यांना वाटलं, मराठी येत नाही म्हणून. मराठी त्याला येत होतं. तोंड उघडलं की माना वळतात, तेवढं त्याला नको होतं.

एक प्रसंग सांगायचा राहून जाऊ नये, कारण त्यात मीही आहे. बिहारकडची एक मुलगी, अभ्यासात चांगली. छठपूजेच्या दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली, नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत केशरी सिंदूर भरलेला. त्यांच्याकडे ती रीत आहे, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. गेटवर चार-पाच आया उभ्या होत्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. मोठ्याने कोणी काही बोललं नाही. मीही हसले. ओठांच्या कोपऱ्यात, पण हसले. मुलीने आधी आईकडे पाहिलं, मग आमच्याकडे. पुढच्या पालकसभेला आई आली नाही. मी विचारलं तर मुलगी म्हणाली, "मीच नको म्हणाले." त्यानंतर ती डब्यात ठेकुआ आणायची थांबली, मग मधल्या सुट्टीत खायचीच थांबली, आणि दहावीच्या सहामाहीपर्यंत शेवटच्या बाकावर भिंतीला खेटून बसायला लागली. स्वतःच्या अंगाची लाज आईच्या अंगापर्यंत पोचते, आईच्या पदराला, तिच्या कुंकवाला, डब्याच्या वासाला. हे मला त्या मुलीने शिकवलं. मी फार उशिरा शिकले.

म्हणून सांगते, आपलं मूल घरात का बसलंय हे विचारण्याआधी, आपण दुसऱ्यांच्या मुलांबद्दल घरात काय बोलतो ते आठवा. "तो काळा ओडिया," "ती जाडी मल्याळी," "त्या भय्याचा पोरगा." पोहे खाता खाता आपण बोलतो. आपलं मूल ते ऐकतं आणि त्यातून एक नियम शिकतं: माणूस दिसला की त्याच्या दिसण्यावर बोलायचं असतं. मग ते स्वतः बाहेर पडताना तोच नियम स्वतःला लावतं. आता सगळा जिना माझ्यावर बोलणार.

घरातल्या लाडाच्या नावांबद्दल आता बोलावं लागेल. मी माझ्या मुलाला "ढोल्या" म्हणायचे. जेवायला हाक मारताना, अंघोळीला पिटाळताना, पाहुण्यांसमोर. त्यात प्रेमाशिवाय काही नव्हतं, देवाशपथ. महापालिकेच्या तलावावर तो टी-शर्ट घालून पोहायचा, मी समजायचे उन्हासाठी. चोविसाव्या वर्षी, नोकरीला लागून बारीकही झाल्यावर, एकदा सहज म्हणाला, "आई, तू हाक मारलीस की मी आधी पोट आत घ्यायचो." दहा वर्षं. दिवसातून दहा वेळा हाक मारली असेन, तर गुणाकार तुम्हीच करा. मी अजून केलेला नाही.

जाड्या, लुकड्या, बुटक्या, चष्मिश, काळू, दात्रे. मराठीत या नावांची वाण नाही आणि आपल्याला त्यांचा थोडा अभिमानही आहे, आमच्याकडे कसं सगळं तोंडावर असतं म्हणून. "आम्हालाही म्हणायचे, आमचं काय बिघडलं?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. बिघडलं नसेलही. पण तुम्हाला चिडवणारी गल्ली संध्याकाळी सात वाजता घरी जायची. या मुलांची गल्ली खिशात असते, रात्री अडीचलाही.

आता मानेबद्दल. हे मला जास्त सविस्तर सांगायचंय. वर्गातल्या किती मुली आणि मुलगे मान झाकून बसतात ते तुम्ही पाहिलंय का? मे महिन्यात हुडी, बंद गळ्याचा टी-शर्ट, मुलींच्या गळ्याभोवती ओढणी. त्यांतल्या काहींच्या मानेच्या मागे आणि काखेत काळा, जाडसर, मखमलीसारखा पट्टा असतो. आई म्हणते मळ आहे. मग लिंबू, बेसन, काथ्या, वजरी. घासून घासून कातडी सोलवटते आणि पोर रडतं. तो मळ नसतोच. डॉक्टरी भाषेत त्याला अॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात आणि बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते. म्हणजे ती मान तुम्हाला काहीतरी सांगत असते आणि आपण तिचं तोंड घासत बसतो. मुलीची पाळी अनियमित असेल, ओठावर लव वाढत असेल, तर त्याचंही मूळ कधी कधी तिथेच निघतं. अशा मुलीला डॉक्टरांकडे न्यायचं, पार्लरमध्ये नाही. आणि नेताना "बघा हो किती काळी पडलीय" असं केबिनमध्ये म्हणायचं नाही.

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल तर काय बोलावं. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली, २०२० मध्ये तिच्या नावातलं फेअर गेलं आणि ग्लो आलं. डबीवरचा शब्द बदलला, आपल्या बोलण्यातला "उजळ" तसाच आहे. पण त्याहून वाईट नळ्या मेडिकलमधून येतात, स्टेरॉइड असलेल्या. मैत्रिणीने सांगितलं, चार दिवसांत चेहरा उजळला. महिन्याभराने लाल पडतो, पुटकुळ्या उठतात, कातडी पातळ होते, आणि लावायचं थांबवलं की आग होते. सरकारने २०१८ मध्ये अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. मुलीच्या कप्प्यात अशी नळी सापडली तर ओरडू नका. चेहरा कसा झालाय ते तिला तुमच्या आधी कळलेलं असतं. तेवढ्यासाठीच तर ती दार लावून बसलीय. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला दोघी मिळून जा.

मुलग्यांबद्दल आपण बोलतच नाही. थेरगावात वेंगसरकर अकादमी असल्यामुळे इथे घरटी एक क्रिकेटर निघतो. असाच एक चांगला खेळणारा मुलगा चौदाव्या वर्षी अचानक मैदानावर जायचा थांबला. बाप म्हणाला, मोबाइलमुळे. खरं कारण पांढरा टी-शर्ट. घाम आला की तो छातीला चिकटायचा आणि छाती थोडी फुगलेली दिसायची. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलग्यांना छातीत अशी सूज, कधी दुखरी गाठ येते. हार्मोन्सचा खेळ असतो आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. हे एक वाक्य त्याला बापाने, काकाने, कोणीही सांगितलं असतं तर? कोणी सांगितलं नाही, कारण कोणाला वाटलंच नाही की मुलगाही आरशासमोर उभा राहून रडतो. उंचीचंही तेच. मुलींची उंची आधी वाढते, मुलग्यांची दोन-एक वर्षांनी. आठवीच्या वर्गात पहिल्या रांगेत उभा राहणारा मुलगा अकरावीत दार वाकून ओलांडतो. काही नाही ओलांडत. त्यांचंही चालतं. पण मधल्या काळात तो जिमवाल्या कोणाच्या तरी नादाने पावडरी आणि इंजेक्शनं शोधायला लागतो, तिकडे लक्ष असू द्या.

"हे सगळं मोबाइलने केलं" असं म्हणून आपण मोकळे होतो. थोडं खरं आहे. फिजी नावाच्या बेटांवर परंपरेने भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगलं मानायचे, अगदी आपल्या कंधारच्या आजीसारखं. १९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात पहिल्यांदा टीव्ही आला. अॅन बेकर नावाच्या हार्वर्डच्या संशोधक बाईंनी तेव्हाच शाळेतल्या मुलींना खाण्याबद्दल प्रश्न विचारून ठेवले आणि १९९८ मध्ये तशाच दुसऱ्या मुलींना विचारले. खाण्याशी बिघडलेलं नातं दाखवणाऱ्या मुली १२.७ टक्के होत्या, त्या २९.२ टक्के झाल्या. जेवून मुद्दाम उलटी करणारी आधी एकही नव्हती, नंतर ११ टक्क्यांहून अधिक निघाल्या. टीव्ही आल्यावर तीन वर्षांत. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले, त्यात त्यांच्याच पाहणीत लिहिलेलं होतं की शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या दर शंभर मुलींतल्या ३२ जणींना इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं.

पण फोन काढून घेतला की मूल बाहेर येईल, असं नाही. निम्म्या वेळा आणखी आत जातं, कारण आत निदान कोणीतरी होतं. त्याऐवजी एक गंमत करून बघा. फूटभर अंतरावरून सेल्फी काढला की नाक खऱ्यापेक्षा रुंद दिसतं. २०१८ मध्ये अमेरिकेत काही डॉक्टरांनी याचं गणित मांडलं. पाच फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत नाक सुमारे तीस टक्के रुंद. ही अंतराची करामत, नाकाची नाही. घरी टेप घेऊन दोन्ही अंतरांवरून स्वतःचे फोटो काढा. स्वतःचे हं, मुलांचे नाही. तुमचं नाक हसण्याजोगं दिसलं की मुलं आपोआप जवळ येऊन बघतील.

वजन खरंच जास्त असेल तर काय, गप्प बसायचं का? हा प्रश्न आया हमखास विचारतात आणि तो बरोबर आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१३ चा एक अभ्यास आहे. ज्या घरात आईवडील मुलांच्या वजनावर बोलायचे, तिथली मुलं उपाशी राहणं वगैरे घातक उपाय जास्त करताना आढळली. जिथे चांगल्या खाण्याबद्दल बोलणं व्हायचं, तिथली कमी. फरक बारीक वाटतो, पण रोजच्या ताटात तो मोठा आहे. एकीच्या ताटात नाचणीची भाकरी आणि भावाच्या ताटात वडापाव, ही शिक्षा झाली. भाकरी वाढायची तर सगळ्यांना वाढा, बापालाही. आणि आईने स्वतःच्या आरशातलं बोलणंही जरा आवरावं. "कशी दिसतेय मी, म्हैस नुसती" असं आपण साडी नेसताना म्हणतो तेव्हा दाराशी कोण उभं असतं?

आता त्या बंद दाराकडे. थेरगावातल्या कितीतरी घरांत दारच नसतं हो. वन आरके, त्यात पाचजण. तिथे मूल खोलीत जात नाही, चादरीत जातं. कानात इअरफोन, तोंडावरून चादर, भिंतीकडे तोंड. किंवा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे. जपानमध्ये वर्षानुवर्षं घराबाहेर न पडणाऱ्या तरुणांना हिकिकोमोरी म्हणतात. तामाकी साइतो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९९८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिल्यावर तो शब्द जगभर गेला, आणि सहा महिने घराबाहेर न पडणं ही त्याची साधारण मोजपट्टी. आपली मुलं तिथवर गेलेली नाहीत. पण सुरुवात फार शांत असते, एवढं मी पाहिलंय. २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यात मास्कची सक्ती उठली. माझ्या वर्गात सहाजणांनी तो काढलाच नाही, जूनमध्येही नाही. दोन वर्षं त्यांची तोंडं कोणी पाहिली नव्हती. आणि ज्या एका मुलीने काढला तिला एकजण म्हणाला, "अरे, तू अशी दिसतेस होय?" तिने दुसऱ्या दिवशी परत घातला. आईला वाटलं, सर्दी.

मग काय करायचं? मला नुस्खे द्यायला आवडत नाहीत, पण जे चालताना पाहिलं ते सांगते. "तू किती सुंदर आहेस" म्हणू नका. त्यांना ते खोटं वाटतं, कारण तुम्ही आईबाप आहात, तुम्ही म्हणणारच. "कोण काय म्हणालं?" एवढं विचारा आणि उत्तर आलं नाही तर उठून जा. उद्या पुन्हा विचारायची घाई नको. समोरासमोर बसवून बोलू नका, त्यांना तो इंटरव्ह्यू वाटतो. शेजारी शेजारी बोला. मेथी निवडताना, गाडी पुसताना, दळण आणायला जाताना. पाहुण्यांचं तोंड मात्र तुम्हीच धरायचं. मामी म्हणाली, "काय गं, काळवंडलीस," की मुलगी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणा, "वहिनी, आमच्याकडे आता अंगावर बोलत नाहीत." मामी दोन दिवस फुगेल. फुगू दे. मुलीला ते वाक्य पुढे दहा वर्षं पुरेल.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका. जेवण झाल्याझाल्या दर वेळी बाथरूम आणि नळ सोडलेला, एकट्यानेच आणि लपवून खाणं, शाळा वारंवार बुडणं, रात्रीची झोप उडालेली, उन्हाळ्यातही लांब बाह्या आणि मनगट न दाखवणं, "मी नसतेच तर बरं झालं असतं" असं सहज म्हटल्यासारखं म्हणणं. हे नाटक समजू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ हा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि मुलाऐवजी तुम्ही स्वतः फोन करून "मी कसं बोलू" असंही विचारू शकता. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. लोक वेडा म्हणतील, ही भीती मला माहीत आहे, विशेषतः गावाकडे कळलं तर. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते सतरा वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. चाळीसच्या वर्गात तीन. तुमच्या जिन्यात मोजा, नाव कोणाचं घ्यायचं नाही, पण मोजा.

कंधारच्या त्या वडिलांनी काय केलं ते सांगते. गुरुवारी कंपनीला सुट्टी. मुलगी शाळेतून आली की ते म्हणायचे, चल, पेट्रोल टाकून येऊ. पहिल्या दोन गुरुवारी आली नाही. तिसऱ्या गुरुवारी बापाला हेल्मेट सुचलं, काळ्या काचेचं, तोंड पूर्ण झाकणारं, नवं. ते घालून ती मागे बसली. डांगे चौक, मग केजुदेवीच्या बंधाऱ्यापर्यंत, बोट क्लबच्या बाहेरून वळून परत. बोलणं काहीच नाही, वाऱ्यात ऐकूही येत नाही. पुढच्या गुरुवारीही हेल्मेट उतरवलं नाही, नदीकाठी उतरून उभी राहिली तेव्हासुद्धा. लोक बघत होते. बाप म्हणाला, बघू दे.

त्यानंतर एका गुरुवारी ते घाटावर उभे होते, पवनेत जलपर्णी दाटलेली, वर बगळे. त्यांनी फोन काढला, बगळ्यांसाठी. मागून आवाज आला, "पप्पा, माझा काढायचा तर मागून काढा."

तो फोटो त्यांनी मला दाखवला. थोडा हललेला आहे. हिरवी नदी, एक जाड वेणी, निळा हुडी. हेल्मेट हातात आहे.